पथारीवर वाळलेली कॉफी

"मन्ही मिरचीमा ह्या बोरं कोनी टाकात?"

आबा, म्हणजे माझे सासरे, पथारीच्या मधोमध उभे राहून ओरडत होते. पथारी म्हणजे आमच्या नंदुरबारला मिरची वाळत घालायचं उघडं मैदान. हिवाळ्यात गावाबाहेर जिकडे पाहावं तिकडे लालच लाल. आबांचा आवाज असा, की त्यांनी इथे हाक मारली तर नवापूरच्या म्हशी दूध देता देता थांबत. देठ खुडणाऱ्या चाळीस बायका एकदम गप्प झाल्या. चाळीस बायका एकदम गप्प झालेल्या मी जन्मात दोनदाच पाहिल्या, आणि दुसऱ्या वेळी खग्रास ग्रहण होतं.

ती बोरं नव्हतीच. ती कॉफी होती. आणि टाकली होती मीच. पण आबा ओरडत असताना मध्ये बोलायची पद्धत आमच्याकडे नव्हती, आणि खरं सांगायची तर त्याहून नव्हती.

कॉफी नंदुरबारात आली कशी, ते आधी सांगते. आमचं मूळ गाव तापीकाठी. तिथे कापूस आणि केळी. नंदुरबारात आबांची मिरचीची पेढी. आबांना मुलगा एकच, म्हणजे आमचे हे. आता देवाची करणी बघा, मिरचीच्या पेढीच्या वारसाला देवाने नाक असं दिलं की मिरचीचा कण शेजारच्या गल्लीतून गेला तरी यांना शिंका सुरू. एकदा सुरू झाल्या की गिऱ्हाईक समोरच्या हॉटेलात जाऊन चहा पिऊन, पेपर वाचून परत यायचं, तरी हे भाव सांगण्याच्या बेतातच असायचे. लग्नात अंतरपाटापलीकडून मला पहिल्यांदा यांची शिंकच ऐकू आली. भटजींनी 'सावधान' दोनदा म्हटलं.

लग्नाच्या आदल्या वर्षी आबांनी घरच्यांना रामेश्वराला नेलं होतं. परतीच्या गाडीत यांना दक्षिणेकडचे एक कॉफीवाले म्हातारे भेटले. स्वतःची डोंगरावरची बाग, उंच सावलीत कॉफी, वर मिरीचे वेल. दोन दिवस त्यांनी यांना कॉफीच सांगितली, आणि दोन दिवसांत हे एकदाही शिंकले नाहीत. यांनी तेवढ्यावर आयुष्याचं ठरवून टाकलं. पुढे त्यांच्या बागेतून वीस रोपं घासलेटच्या डब्यात घालून यांनी नंदुरबारपर्यंत आणली. वाटेत स्वतः तहानलेले राहिले आणि तांब्यातलं पाणी रोपांना घातलं. जिजी, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणायच्या, इतकी सेवा श्रावणबाळाने केली नसती, आणि त्याची तर माणसं होती.

सपाटीवर ही रोपं जगणार नाहीत हे आबांनासुद्धा कळत होतं. पण डोंगरात, मोलगी गावाच्याही वर, जिथे जीप संपते आणि पाय सुरू होतात, तिथे यांचा एक दोस्त होता. तिथलाच भिल्ल माणूस. बाजाराला चारोळी आणि डिंक घेऊन यायचा, तेव्हाची ओळख. त्याच्या उतारावर आंबा, जांभूळ, मोह यांची दाट सावली. कॉफीवाल्या म्हाताऱ्यांनी पत्रातून कळवलं होतं, झाड तोडायचं नाही, खत विकतचं घालायचं नाही, पालापाचोळा जिथे पडेल तिथेच कुजू द्यायचा. यांनी हे सगळं दोस्ताला समजावलं. त्याने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, म्हणजे काहीच करायचं नाही ना? हे म्हणाले, तसंच. तो म्हणाला, मग जमेल.

चौथ्या वर्षी झाडांना फळं लगडली, लालचुटुक. इकडे आबांचा धीर संपला होता. त्यांनी निकाल देऊन टाकला. कॉफीवाल्या म्हाताऱ्यांनी स्वतः पिऊन 'चांगली' म्हटलं, तर जा डोंगरावर, वीसची दोन हजार झाडं कर, मी अडवणार नाही. नाही म्हटलं, तर दुसऱ्या दिवसापासून पेढीची गादी, आणि जन्मभर. म्हातारे सुरतेला लग्नाला निघाले होते. सकाळच्या गाडीने उतरून, कॉफी पिऊन, दुपारच्या गाडीने पुढे जाईन, असं त्यांचं कार्ड आलं. खाली एक ओळ होती. कॉफी एकाच डोंगराची, एकाच मातीची असावी. तिच्यात दुसऱ्या कशाचाही वास लागू देऊ नये. हे कार्ड यांनी देव्हाऱ्यात ठेवलं.

पहिल्या तोडणीची दोन पोती डोंगरावरून जीपने अक्कलकुव्याला आणि तिथून मोटारीने घरी आली. हे उरलेल्या फळांवर पाखरं राखायला वर राहिले. मला निरोप एवढाच: चांगल्या उन्हात, पातळ पसरून, दिवसातून चारदा हलवून वाळव.

आता तुम्हीच सांगा, लाल वस्तू चांगल्या उन्हात, पातळ पसरून, चारदा हलवून वाळवायची, तर नंदुरबारच्या माणसाने ती कुठे न्यावी? अंगणात जिजींचे पापड होते. आणि आमच्या पथारीवरच्या बायकांसारखा वाळवणाचा हात अख्ख्या मुलखात कोणाचा नाही. मी पोती तिकडे पाठवली. बायकांनी मोठ्या मायेने मिरचीच्या दोन वाळवणांच्या मधल्या पट्ट्यात ती फळं पसरली. वारा या बाजूने आला तरी मिरचीवरून, त्या बाजूने आला तरी मिरचीवरून. बारा दिवस! तेराव्या दिवशी आबा आले आणि ओरडले.

मी फळं लुगड्याच्या ओच्यात भरून घरी पळाले. ओल्या फडक्याने एकेक फळ पुसलं. आमच्या उखळात कांडून टरफलं काढली, आणि कांडून झाल्यावर आठवलं की त्या उखळात गेली तीस वर्षं तिखटच कुटलं जातं. जिजी माझ्याकडे पाहत होत्या. त्या बाईचं माझ्याशी एरवी पटत नसे, पण त्या दिवशी म्हणाल्या, "त्याले काही सांगू नको. भाजीसन वास उडी जाई."

भाजल्यावर वास उडाला नाही. उलट समोरच्या घरातलं मांजर घर सोडून गेलं, ते आजवर आलेलं नाही. पण हे डोंगरावरून परतले ते पडसं घेऊन, नाक चोंदलेलं. मी देवाचे आभार मानले. असे आभार मानू नयेत, देव पुढे व्याजासकट वसूल करतो.

ठरल्या दिवशी म्हातारे आले. पांढरं स्वच्छ धोतर, काळा कोट, बगलेत छत्री. आबांनी ठेवणीतला फेटा बांधला होता. दोस्त डोंगरावरून आदल्या दिवशीच निघून आला होता आणि ओट्यावर उकिडवा बसला होता. यांचं पडसं नेमकं त्याच सकाळी मोकळं झालं. मी पाच कप भरले. दूध नाही, साखर नाही. म्हाताऱ्यांची तशी आज्ञा होती.

म्हाताऱ्यांनी कप नाकाशी नेला. जरा थांबले. मग एक घोट घेतला, आणि डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं. ते गालावरून ओघळून मिशीत शिरलं. आमच्या यांना वाटलं, म्हाताऱ्यांना आपली बाग आठवली. यांचेही डोळे भरून आले. आबांनी फेटा सावरला. माझी खात्री आहे, त्या क्षणी त्यांनी मुलगा डोंगराला देऊन टाकला होता.

मग म्हाताऱ्यांना उचकी लागली. तिसऱ्या उचकीला ओट्यावरची कबुतरं उडाली, सहाव्या उचकीला दारातला टांग्याचा घोडा स्वारी न घेताच स्टेशनकडे निघून गेला. दोन तांबे पाणी प्याल्यावर ते आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाले, की साठ वर्षं कॉफी पितोय, पण कॉफीने आपल्याला असं कधी धरलं नव्हतं.

यांना काही उलगडेना. यांनी आपला कप उचलला, तोंडाशी नेला, आणि शिंकले.

एक शिंक. मग दुसरी. मी मोजत होते, कारण दुसरीकडे कुठे बघावं ते कळत नव्हतं. सातव्या शिंकेपर्यंत यांचा चेहरा नुसता भांबावलेला होता. आठव्या शिंकेनंतर यांनी कप खाली ठेवला, उखळाकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे पाहिलं.

म्हातारे रुमालाने डोळे पुसत आबांकडे वळले. कॉफीला चांगली म्हणता येणार नाही, माफ करा म्हणाले. मग जरा पुढे सरकून विचारलं, "मगर यह मिरची कहाँ की है?"

आबांच्या तोंडावर दिवाळी उजाडली. म्हाताऱ्यांनी बागेवरच्या माणसांच्या स्वयंपाकासाठी चार पोती मिरची सांगितली, आणि दुपारच्या गाडीने सुरतेला गेले. एवढ्या गडबडीत दोस्ताने मात्र आपला कप तळापर्यंत शांतपणे पिऊन, उपडा घालून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी हे गादीवर बसले. नाकाला ओलं उपरणं बांधून हिशेबाला बसलेला व्यापारी पाहायला लोक लांबून येत. मला यांनी कधी एका शब्दाने विचारलं नाही. चहा मागायचे, पाणी मागायचे, मुलांचं विचारायचे. माझ्या डोळ्यांसमोरून मात्र तो कप वर्षभर हलला नाही.

पुढच्या हिवाळ्यात मी जिजींना नवस सांगून निघाले. नवस कसला! मोलगीपर्यंत जीप, पुढे पायी, आणि सोबत कोरं धुतलेलं पोतं. मनात एवढंच, की फळं तिथेच डोंगरावर, दगडावर वाळवायची आणि म्हाताऱ्यांना पार्सलने पाठवायची. एका डोंगराची, एका मातीची. मग यांची गादी सुटेल.

दोस्त अंगणात दोरी वळत बसला होता. झाडांमागे उतारावर फळं लाल दिसत होती. मी त्याला सगळं सांगितलं. पथारी, उखळ, जिजी, सगळं. माझा दोष माझ्या तोंडून ऐकणारा तो पहिलाच माणूस. बोलता बोलता मी रडलेसुद्धा, आणि मी रडले की साधारण पूर येतो. मग म्हटलं, भाऊ, माझ्या हातून ती मिरचीत पडली नसती, तर आज हे इथे असते.

तो बाजारात लागेल तेवढीच मराठी बोलायचा. त्याने दोरीला गाठ मारली, ओढून पाहिली.

"आम्ही इथे उरलेल्या फळांची, बिनमिरचीची पण प्यायलो, भाबी," तो म्हणाला. "मिरचीची बरी होती."