तिकीट हातात येईपर्यंत

आमच्याकडे नर्सला परदेशची नोकरी लागली की ती कुणाला सांगत नाही. परीक्षा होते, मुलाखत होते, व्हिसा येतो, तरी तोंडातून अवाक्षर नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. दृष्ट लागते म्हणतात, आणि शिकलेल्या मुलीच म्हणतात. तिकीट हातात आलं की केक कापायचा आणि दोन दिवसांत विमान.

माणिकपूरच्या एका लहान रुग्णालयात मी डायलिसिसची इन्चार्ज सिस्टर आहे. अनुभवाच्या दाखल्यावर माझी सही लागते, त्यामुळे मला मात्र आधी कळतं. आतापर्यंत इतक्या सह्या केल्यात की आयर्लंडमध्ये माझ्यापेक्षा माझी सहीच जास्त ओळखीची असेल.

सांडोर गावची एक मुलगी आयर्लंडला गेली, तेव्हा मला दोन महिने आधीच ठाऊक होतं. माझी सगळ्यात चांगली नर्स. तरी मी गप्प बसले. पेशंटना आधी सांगितलं की ते कुरकुर करतात, आणि मला कुरकुर सहन होत नाही.

पाचूबंदरच्या एक मावशी आठवड्यातून तीनदा यायच्या. जन्मभर मासळी विकलेल्या, साठी उलटलेल्या. डायलिसिससाठी हातात ऑपरेशन करून शीर तयार करतात आणि दर वेळी तिच्यात दोन जाड सुया घालाव्या लागतात. मावशींची शीर नको तिथे वळलेली होती. तीन वर्षं त्या सुया सांडोरच्या मुलीनेच घातल्या. शेवटच्या शुक्रवारीही तिने सुया काढल्या, पट्टी बांधली, "सावकाश जा, मावशी," म्हणाली. रविवारी ती गेली.

सोमवारी दुसऱ्या वॉर्डातून तिच्या जागी आलेल्या नव्या मुलीची सुई हुकली. हात सुजून निळा पडला.

"आमची सिस्टर कुटे?" मावशींनी विचारलं.

मी सांगितलं. त्यांनी पदराखाली हात घेतला आणि मशीनला न लागताच उठून गेल्या. बुधवारीही आल्या नाहीत. दोन पाळ्या चुकल्या की अंगातलं पाणी फुफ्फुसात चढू लागतं. तिसरी चुकली असती तर मावशी वाचल्या नसत्या.

मी आयर्लंडला फोन लावला. "कोपराखाली उशी द्या. शीर आत वळते, सुई बाहेरून तिरकी घ्या," ती म्हणाली. दोन वाक्यं. ती लिहून घ्यायला माझ्याकडे दोन महिने होते. मी आता वहीत लिहिली. बैल गेला नि झोपा केला.

गुरुवारी सकाळी रिक्षाने पाचूबंदरला गेले. मावशी खाटेवर उशांना टेकून बसल्या होत्या. आडवं होता येत नव्हतं, पाय सुजले होते. नव्या मुलीच्या वतीने मी माफी मागू लागले.

"सुईचा राग नाय," त्या धापा टाकत म्हणाल्या. "आमचा मानूस दर्यावर जातो तवा सांगून जातो. परत येल का नाय, कुनाला ठाव? पन सांगून जातो. तीन वर्सं माजा हात धरला तिनं, आन चोरावानी गेली?"

मला लाज वाटली. पस्तीस वर्षं नोकरी केलेल्या बाईला वाटावी त्याहून जास्त वाटली. म्हणाले, "मावशी, मला दोन महिने आधीपासून माहीत होतं."

त्यांनी पाय खाटेखाली सोडले. मग म्हणाल्या, "मंग दोस तुमचाच." आणि सुनेला चपला आणायला सांगितलं.

तासाभरात त्या आमच्या रुग्णालयातल्या पलंगावर होत्या. मी कोपराखाली उशी सरकवली. नवी मुलगी सुई घेऊन पुढे झाली, तसा मावशींनी हात मागे ओढला.

"आदी सांग, तू कवा जानार?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं. तिच्याही दाखल्यावर मी मंगळवारीच सही केली होती, परीक्षा तेवढी अजून व्हायची होती. एरवी मीच मध्ये पडून म्हटलं असतं, ती कुठे जातेय!

"सांग त्यांना," मी म्हणाले.

"अजून वर्षभर आहे, मावशी," ती हळूच म्हणाली. "मग जाणार."

मावशींनी हात पुन्हा उशीवर ठेवला.

"मंग वरीसभर नीट टोच," त्या म्हणाल्या. "आन जायच्या आदी दुसरीला शिकव."