थोरियमचे इलेक्ट्रॉन आणि झिंगरूजी

आमच्या एक्स-रे लॅबमध्ये चार वर्षांत रीडिंग मोजकीच मिळाली. किस्से मात्र पोतंभर. सत्तरच्या दशकाच्या शेवटी भंडाऱ्याच्या एका कॉलेजात मी फिजिक्स शिकवायचो आणि पीएच.डी. करायचो. थोरियम या जड धातूतले इलेक्ट्रॉन आपापल्या अणूला धरून बसतात की धातूभर भटकतात, एवढंच जगाला सांगायचं होतं. त्यासाठी एक स्वच्छ फिल्म हवी होती. मुदत संपत आली होती आणि फिल्म काही येत नव्हती!

*

फिल्मवर रेषा उमटायला सलग साठ तास यंत्र चालवावं लागे. आमची वीज सहा तास टिकली तर पेढे वाटावेत अशी! आमचे गाइड बोरकर सर वीज ऑफिसात गेले आणि इंजिनिअरला अर्धा तास इलेक्ट्रॉनचं महत्त्व समजावत बसले.

तो म्हणाला, "सर, इलेक्ट्रॉन आमच्याच तारेत नाही, तुमाले कुठून देऊ?"

*

लॅबच्या दारावर 'एक्स-रे' अशी पाटी. ती वाचून अड्याळचे एक काका लंगडत आत आले. सर म्हणाले, "काका, इथे हाडांचा नाही, फक्त धातूचा एक्स-रे निघतो."

काका खूश! "मांडीत सळी टाकली हाये न डॉक्टरनं. तेवढीच पाहून द्या!"

*

सिहोऱ्याहून बाबा आले. "काय पाहून राहिला रे तू?"

"इलेक्ट्रॉन एका जागी बसतो की फिरतो, ते."

"चार वर्सं झाले," बाबा म्हणाले, "एका जागी तर तूच बसून राहिला!"

मी हसलो. पण लागलं.

*

थोरियमचा पत्रा हवेनं काळा पडायचा आणि फिल्म बिघडायची. दसऱ्याला लॅबमध्ये यंत्रांची पूजा असे. अटेंडंट झिंगरूजी, सरांहूनही वयानं मोठे, पूजेआधी सगळं घासूनपुसून ठेवायचे. पितळी भांड्यांसाठी नावाजलेल्या भंडाऱ्याचा माणूस. काळी पडलेली वस्तू त्यांना बघवत नसे. त्या वर्षी त्यांनी पत्राही घासला! दुसरा पत्रा नव्हता. मी डोकं धरून तोच लावला. नेमकी वीजही टिकली आणि फिल्म निघाली एकदम स्वच्छ.

प्रबंधात सरांनी लिहायला लावलं : 'नमुना सौम्य सेंद्रिय आम्लाने साफ केला.'

तोंडी परीक्षेला मुंबईचे परीक्षक. "कुठलं आम्ल?"

मी सरांकडे पाहिलं, सरांनी छताकडे. चहा घेऊन आलेले झिंगरूजी म्हणाले, "चिंच, साहेब. पन मागच्या सालची पायजे. नवीनले जोर नाही."

परीक्षकांनी वहीत काहीतरी टिपलं आणि ते निघून गेले. महिनाभर मला अन्न गोड लागेना. मग पत्र आलं, तेही झिंगरूजींच्या नावे!

'एक किलो जुनी चिंच पाठवावी. ता. क. : तुमच्या मास्तरांना पीएच.डी. मिळाली, त्यांनाही कळवा.'