अक्काला परत आणायला

माझी थोरली बहीण आमच्या फैजपूरच्या घराण्यातली पहिली डॉक्टर. जळगावात तिचा बायकांचा दवाखाना इतका चालायचा, की बाकड्यावर जागा मिळत नसे. ऐंशीनंतरची गोष्ट, मी कॉलेजात होतो. साक्रीच्या पलीकडे डोंगरातल्या मिशनच्या दवाखान्यात ती महिनाभर मदतीला गेली. तिथं उशिरा पोचलेली एक बाळंतीण तिच्या डोळ्यांदेखत गेली. तेव्हापासून जळगावात तिचं मन लागेना. शेवटी चालता दवाखाना मैत्रिणीला देऊन ती कायमची तिकडे गेली.

आमचे वडील, आबा, फार संतापले. "एवढं शिकवलं ते जंगलात जाऊन राहायला?" दिवाळीनंतर ते मला घेऊन तिला परत आणायला निघाले.

आम्ही पोचलो तेव्हा अक्का दारातच उभी होती, पण आमच्यासाठी नव्हे. चार माणसं झोळीतून एका अडलेल्या बाईला आणत होती. लुगडं रक्तानं भिजलेलं. अक्कानं आम्हाला धड 'या' सुद्धा म्हटलं नाही. बाईला तपासून ती बाहेर आली.

"ऑपरेशन करावं लागेल. रक्त हवंय. कोण देतं?"

बाईचा नवरा पुढे झाला. त्याचं जुळलं नाही. माझंही नाही. आबांनी सदऱ्याची बाही वर केली. त्यांचं जुळलं.

ऑपरेशनच्या खोलीत नर्सनं येशूची प्रार्थना म्हटली, ती बाहेर ऐकू आली. बाकावर टेकलेल्या आबांनीही हात जोडले. बऱ्याच वेळानं आतून रडणं ऐकू आलं. नवरा आबांच्या पायाशीच बसला.

"आबा, पोर व्हयनी! बठ्ठं बरं शे."

मुलगी झाली होती. आईही वाचली होती.

संध्याकाळी अक्का चहा घेऊन आली. "आबा, काय ते बोला आता."

आबा तिच्या सुजलेल्या पायांकडे बघत राहिले. "इथं जेवतेस काय?"

"नागलीची भाकर. चांगली लागते."

"बरं," आबा म्हणाले. एवढंच.

फैजपूरला परतल्यावर लोकांनी विचारलं, पोरीला आणलं नाही का? आबा ताठ मानेनं म्हणाले, "तिला आणली असती, तर तिथल्या बायांनी कुठं जायचं?"

माझ्या लग्नात अक्का एकाच दिवसासाठी आली, सुती साडीत, अंगावर दागिना नाही. मंडपात मोठमोठी माणसं होती, पण आबा सगळ्यांना हाताला धरून तिच्यापाशी आणत होते. "ही आमची डॉक्टर," म्हणत होते.