आरशावरची टिकली

बायको माहेरी गेली आहे. आरशावर चिकटवलेली तिची टिकली तेवढी मागे राहिली. आंघोळीनंतर ओला टॉवेल पलंगावर टाकणार, इतक्यात त्या टिकलीखाली, तिथे नसलेल्या भुवया वर चढलेल्या मला दिसल्या. एवढासा ठिपका, पण अख्ख्या खोलीला त्याचा धाक.

बाहेर मुलगी बारावीचं फिजिक्स घोकत होती: "बिंदुप्रभाराला आकारमान नसतं, तरी त्याचं बल सगळीकडे पोचतं. जितकं लांब जावं, तितकं ते कमी होतं."

म्हणजे लांब जाणं हाच उपाय! हॉल ओलांडताना बल खरंच उतरल्यासारखं वाटलं. गॅलरीतल्या खुर्चीवर मी टॉवेलचा बोळा फेकला.

पुस्तकातून मान वर न करता मुलगी म्हणाली, "कमी होतं, बाबा. शून्य कधीच होत नाही."

मी टॉवेल झटकून दोरीवर घातला. चिमटाही लावला.