शेरा रकान्यातला वास

“निरीक्षक साहेब, या पंचनाम्यावर सह्या करणारे दोन्ही पंच कोणाच्या हाताखाली काम करतात?”

मिलमालकाच्या वकिलांनी अगदी शांतपणे विचारले.

“माझ्या,” मी म्हणालो.

“माझे प्रश्न संपले.” ते खाली बसले आणि माझे प्रकरणही बसले, असे मला वाटले.

पंचनामा म्हणजे जागेवर जे दिसले ते जागेवरच लिहून त्यावर दोन तटस्थ साक्षीदारांच्या सह्या घेणे. त्यातला ‘तटस्थ’ हा शब्द मला ठाऊक नव्हता असे नाही. नगरपंचायतीत स्वच्छता निरीक्षक होण्यापूर्वी मी काही वर्षे शाळेत शिकवत होतो. नियम पाठ असण्याची सवय तिथलीच. पण नागभीडकडच्या आमच्या लहानशा गावात गुलाबभाऊंच्या राइस मिलविरुद्ध सही कोण करणार? घराघरातले धान तिथेच भरडले जाई. एकाला विचारले, तर तो म्हणाला, “सही करतो जी, पन मंग धान का तुमच्या ऑफिसात भरडू?” अखेर मी माझ्याच दोन सफाई कामगारांच्या सह्या घेतल्या.

मूळ त्रास असा होता. उसना तांदूळ करताना धान आधी हौदात भिजत घालतात, मग वाफवून वाळवतात. भिजवणीचे पाणी आंबते. ते पाणी मिलमधून नालीत सोडले जाई, आणि नाली अंगणवाडीच्या दारासमोरून वाहते. वास सुटला की काही मुले ओकत, बरीच खिचडी तशीच राही. दोन नोटिसांना मिलकडून उत्तर आले नाही. तेव्हा अंगणवाडीच रुळांपलीकडच्या समाजमंदिरात हलवावी, असा विषय निघाला. म्हणजे तीन-चार वर्षांच्या मुलांनी रोज रेल्वेचे रूळ ओलांडायचे.

म्हणून मी उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे अहवाल पाठवला. सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा अधिकार त्यांना पूर्वी कलम १३३ने होता, नव्या संहितेत तो कलम १५२मध्ये आहे. ते आधी ‘सशर्त आदेश’ काढतात: अमुक मुदतीत उपद्रव दूर करा, नाहीतर हजर होऊन हरकत मांडा. गुलाबभाऊ हजर झाले.

“मॅडम, माह्या बापानं मिल बांधली तवा इथी नुस्ते बांध होते. वस्ती मांगून आली. मी काऊन हटू?”

“मिल हटवा असे कोणीही म्हटलेले नाही,” दंडाधिकारी मॅडम म्हणाल्या. “आधी कोण आले, याने फरक पडत नाही. आज त्रास होतो का, तेवढे पाहायचे आहे.”

पण तेच सिद्ध करणारा माझा कागद पंचांमुळे लंगडा झाला होता. राहिली होती एक साक्ष: अंगणवाडी सेविका कुंदाबाईंची.

वकील म्हणाले, “बाई, वास कधी येतो, हे तुम्ही अंदाजानेच सांगणार ना?”

“अंदाज काऊन?” कुंदाबाईंनी पिशवीतून हजेरीपट काढला. शेवटच्या शेरा रकान्यात दर तिसऱ्या दिवशी एकच ओळ होती: ‘हौदाचा वास. ओकणारी मुले घरी पाठवली.’

मॅडमनी पट चाळला आणि मिलच्या मॅनेजरला विचारले, “धान किती दिवस भिजवता?”

“तीन दिवस जी. तिसऱ्या दिवशी पानी काढाच लागते, नाईतं तांदूळ काळा पडते.”

“पाण्याला दुसरी वाट आहे?”

“नाई जी.”

गुलाबभाऊंनी मॅनेजरकडे पाहिले, पण उत्तर लिहून झाले होते.

“आता पुढचा दिवस कोणता, बाई?”

“उद्या, मॅडम. खिचडी वाढाच्या वेळेले.”

जागेची पाहणी करण्याची सोय कायद्यात आहे. ती बहुधा दुसऱ्यावर सोपवली जाते. मॅडम दुसऱ्या दिवशी स्वतः आल्या आणि सतरंजीवर मुलांच्या रांगेत बसल्या. आम्ही दोन्ही पक्ष दारात उभे होतो. ताटल्या वाढून झाल्या आणि नालीतून फेसाळ पाणी आले. साऱ्या मुलांनी मागच्या भिंतीकडे तोंड केले, ताटल्या मांडीवर घेतल्या आणि ती एका हाताने नाक धरून दुसऱ्या हाताने खाऊ लागली.

“यांना असे कोणी शिकवले?” मॅडमनी विचारले.

“कोनीच नाई. आपोआप शिकले,” कुंदाबाई म्हणाल्या.

गुलाबभाऊ बराच वेळ त्या पाठमोऱ्या रांगेकडे पाहत होते. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, “सायेब, मी इकडं कधी आलोच नाई.”

आदेश कायम झाला. पक्का खड्डा आणि बंद पाइप होईपर्यंत धान भिजवणे बंद. गुलाबभाऊंनी काम मुदतीच्या आत पूर्ण केले. अंगणवाडी जागच्या जागी राहिली.

मला मॅडमनी कार्यालयात बोलावून सुनावले. “पंच बाहेरचेच हवेत. मिळाले नाहीत, तर मिळाले नाहीत असे लिहा. माझ्यासमोर पुन्हा असा पंचनामा आणू नका.” माझ्या चुकीवर बोट ठेवून फाइल बंद करणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी चूक मला दाखवली आणि त्रास स्वतः जाऊन पाहिला. या उपकाराची जाणीव मला आजही आहे.

काही महिन्यांनी अंगणवाडीत गेलो, तेव्हा हजेरीपट पाहिला. शेरा रकान्यात दर तिसऱ्या दिवशी ‘निरंक’ लिहिले होते. सरकारी कागदात निरंक म्हणजे नोंदवण्यासारखे काही नाही.

“बाई, आता वास नाही. रकाना कोरा ठेवला तरी चालेल,” मी म्हणालो.

“कोरा ठेवला तं मिलचे वकील इचारतीन, बाई, त्या दिवशी तुमी पाह्यलं होतं का?”

तेव्हापासून माझ्या तपासणी वहीतही कोरा रकाना नसतो.