मिटल्या ओठांची भूपाळी

विषमज्वरातून मी उठलो, पण माझा आवाज उठला नाही. माळव्यातल्या धार गावी देवळात पहाटेची भूपाळी म्हणण्याची सेवा आमच्या घराण्याकडे होती. वैद्यबोवा म्हणाले, "बोलणेही बंद ठेवा. पुढे देवाची इच्छा." ज्याच्यापुढे जन्मभर गायलो त्यानेच गळा काढून घ्यावा, याचा मला फार राग आला. सेवा धाकट्या चुलतभावाने सांभाळली. पत्नीच्या आग्रहाखातर देवासच्या टेकडीवर देवीच्या दर्शनाला गेलो खरा, पण हात जोडावेसे वाटेनात.

आरती सुरू झाली. सारे गात होते आणि मी खांबाला टेकून मुकाट बसलो होतो. शेजारची अनोळखी माळवी बाई माझ्याकडे पाहून हसली. "भिया, तू तो गई रियो है!"

गातोय कुठला! मी मानेनेच नाही म्हटले.

"थारी आंगळी ताल दई री है. गळो बंद है, गाणो थोड़ी बंद है? रोके मती."

थांबवू नको म्हणाली, म्हणून खाली पाहिले, तर बोटे मांडीवर खरेच ताल धरत होती. एवढ्या घंटांच्या गजरातही आत माझी भूपाळी स्पष्ट चालली होती. डोळे भरून आले. पुसून पाहतो तो बाई गर्दीत दिसेनाशी झाली होती.

घरी आल्यावर रोज पहाटे देवघरात डोळे मिटून बसू लागलो. गंमत अशी, की पूर्वी जिथे दम तुटायचा तिथे मनातल्या गाण्यातही तुटे! मग तीच ओळ सावकाश घेऊन पाही, एखादा सूर बदली, सबंध चालच खालच्या पट्टीत उतरवी. सूर चुकला तर कानाला खटकावा तसा खटके. ऐकणारे कोणी नव्हते, म्हणून वाहवेचीही आस नव्हती.

दिवाळीनंतर आवाज फुटला, पण जाडसर. वरचे सूर गेले ते गेलेच. चुलतभाऊ आपणहून आला. "दादा, उद्या तुम्हीच म्हणा."

दुसऱ्या पहाटे देवापुढे उभा राहिलो. मनात उतरवलेली ती चाल पहिल्यांदाच तोंडून निघाली आणि कुठेही अडली नाही. घरी पत्नीने विचारले, "अहो, ही चाल कुणाकडून घेतलीत?"

मी देवघराकडे बोट दाखवले. टेकडीवरची ती बाई कोण होती, हे मी ठरवायला जात नाही. वरचे सूर मी पुन्हा मागितले नाहीत. तो देईल त्या पट्टीत गावे, एवढे मला पुरते.