डाव्या पंख्याचं बटण

मे महिन्याच्या सुट्टीत किन्हवलीला घरी गेलो, तेव्हा बाबांच्या टेम्पोतल्या वायरी तशाच लोंबत होत्या. फॉग लाइट लावायची तर ते दोन उघडी टोकं बोटांनी पिळून जोडायचे. माळशेज घाट चढतानासुद्धा तसंच. मी शहापूरच्या कॉलेजात इलेक्ट्रिकल शिकतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मीच पहिला. म्हटलं, निदान एवढं तरी करून द्यावं.

खरं कारण वेगळं होतं. होस्टेलला गेल्यापासून बाबांशी काय बोलावं ते सुचत नाही. ते जेवलास का विचारतात, मी हो म्हणतो. होस्टेलवरही माझं फारसं कुणाशी जमत नाही, पण ते घरी सांगत नाही. वाटलं, वायरिंगच्या निमित्ताने बाबा शेजारी येऊन बसतील.

ते आले नाहीत. चावी दिली आणि भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायची म्हणून शेतावर गेले. अंगणात मी एकटाच बटणांच्या पट्टीसाठी पत्रा कापत होतो. फॉग लाइट, केबिनचा दिवा, टेप, मोबाइलचं चार्जिंग, बाबांच्या बाजूचा पंखा. प्रत्येकाला वेगळा फ्यूज, वेगळं बटण. डाव्या सीटसमोरचा छोटा पंखा मात्र काढून ठेवला. तो माझ्यासाठी लावलेला. शाळेत असताना मुरबाडच्या बाजाराला मी काकडीच्या गोण्यांबरोबर त्या सीटवर बसून जायचो. आता तिथे कुणीच बसत नाही.

संध्याकाळी बाबांनी एकेक बटण दाबून पाहिलं. दिवे लागले. मग त्यांचा हात डावीकडे गेला.

"हितला पंखा कुठं रे?"

"काढला. तिथं कोण बसतं आता?"

"कोन नाय बसत," ते म्हणाले. "तरी लाव."

दुसऱ्या दिवशी पंखा परत लावला आणि त्याच्या बटणासाठी सहावं भोक पाडलं. पत्र्यावर जागा नव्हती, ते कडेला वाकडंच बसलं. बाबांशी त्यावर पुन्हा बोलणं झालं नाही.

सुट्टी संपल्यावर शहापूरच्या एसटीची वाट पाहत फाट्यावर उभा होतो. बाबांचा टेम्पो मुरबाडकडे निघाला होता. मी हात वर केला. त्यांनी पाहिलं की नाही, कळलं नाही. डाव्या सीटवर कुणी नव्हतं, पण तिथला पंखा फिरत होता.